वळचणीचं पाणी आढ्याला

२०२३ च्या एप्रिलमध्ये दापोली तालुक्यातल्या एका चौपाखी घराचं कौलारू छप्पर धुण्याचं काम आमच्याकडे आलं. दोन दिवसांत उरकलं. धुतल्यावर कौलं अशी लालभडक दिसू लागली की शेजारचे दोघे-तिघे भाव विचारून गेले. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंचा फोन आला. माजघरात तीन ठिकाणी गळत होतं, देवघरात एका ठिकाणी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरून तर धार लागली होती. आदल्या पावसाळ्यात त्या घरात एक थेंब पडला नव्हता.

मी पुण्यात इमारतींच्या बाहेरच्या सफाईचा व्यवसाय करतो. काचा, दर्शनी भिंती, पाण्याच्या टाक्या, गच्च्या, कारखान्यांचे पत्रे अशी कामं. माझी माणसं कामाला चोख आहेत. त्या दिवशी कोणी घाई केली नव्हती, कोणी प्यायलेलं नव्हतं, जोराने पाणी फवारणारं आमचं यंत्रही नादुरुस्त नव्हतं. घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकूंनी, काय करावं आणि काय करू नये हे फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, आणि आमच्या मुकादमाने ते ऐकून कागदावर लिहूनही घेतलं होतं. तरीही घर गळलं. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो आहे, कारण कोकणात आता शहरातून येऊन छपरं धुणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि आमची चूक कुणाच्याही हातून होईल अशी आहे.

घर

जांभ्याच्या भिंती, पुढे-मागे पडवी, मधे माजघर, त्याला लागून देवघर. चार बाजूंना चार पाखी. पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू. समोरासमोरची दोन मोठी पाखी वर जिथे एकमेकांना भेटतात ती आडवी रेघ म्हणजे आढं. आढ्याच्या दोन्ही टोकांपासून घराच्या चार कोपऱ्यांकडे तिरके उतरणारे चार जाड वासे म्हणजे कोनवासे. बाकीचे वासे आढ्यापासून सरळ खाली येतात. वाशांवर आडव्या रिपा ठोकलेल्या, या घरात बऱ्याचशा पोफळीच्या, आणि रिपांवर कौलं. छपराचा भिंतीबाहेर आलेला खालचा काठ म्हणजे वळचण. पावसात तिथून पागोळ्या गळतात.

मागच्या बाजूला पुढे कधीतरी स्वयंपाकघर काढलेलं होतं. त्याचं छप्पर मूळ छपराला काटकोनात येऊन मिळतं. तिथे दोन पाखी आत वळून एकमेकांना भेटतात आणि त्यांच्या सांध्यात पत्र्याची खोलगट पट्टी बसवलेली आहे. दोन्ही पाख्यांचं पाणी त्या पट्टीत उतरतं. ही जागा लक्षात ठेवावी, पुढे लागेल.

कौलं मंगळुरी. हे नाव पडलं ते बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळूरला काढलेल्या कारखान्यामुळे. कौलाची मूळ कल्पना मात्र फ्रान्सच्या अल्सास भागातली. तिथल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला एकमेकांत अडकणारं कौल काढलं. कुंभाराच्या नळीच्या कौलांत आणि यात फरक आहे तो याच अडकण्यात. मंगळुरी कौलाच्या खालच्या अंगाला उंचवटे असतात, ते रिपेला अडकतात. एका कडेला खाच असते, तिच्यात शेजारच्या कौलाची कड बसते. वरच्या ओळीचं कौल खालच्या ओळीवर सुमारे तीन इंच येतं. मधे ना चुना ना सिमेंट. पाणी उतारावरून खाली जातं, खाचेत शिरलेलं खाचेतूनच पुढच्या कौलावर पडतं. सगळा भरवसा एकाच गोष्टीवर, की पाणी वरून खाली येणार.

माल, म्हणजे चुना किंवा सिमेंट, लागतो तो फक्त आढ्यावर आणि कोनवाशांवर. तिथे दोन पाख्यांच्या मधली फट झाकायला उलट्या पन्हळीसारखी वेगळी कौलं बसवतात. त्या गावात त्यांना कोने म्हणतात. एक कोना, अनेक कोने.

फोनवर काय सांगितलं गेलं

काकूंचं सांगणं तीन वाक्यांचं होतं. पाखी आढ्याकडून वळचणीकडे धुवा. कोन्यावर पाय देऊ नका. पन्हळ शेवटी नीट साफ करा.

आमचा मुकादम लातूरकडचा. वीस वर्षं हेच काम करतो आहे. मराठी त्याचीही मातृभाषा, पण तो वाढला माळवदाच्या घरात. माळवद म्हणजे लाकडावर मातीचे थर देऊन केलेलं सपाट छप्पर. त्याच्या गावी आढं असतं ते घराच्या आत, डोक्यावरचं मोठं आडवं लाकूड, ज्याला पाळणा टांगतात. पन्हळ असते ती माळवदाच्या कडेतून बाहेर काढलेली, पाणी भिंतीपासून लांब फेकणारी नळी. कोना म्हणजे कोपरा. वळचणीशी त्याचा संबंध म्हणींपुरताच.

त्याने कामाच्या कागदावर लिहिलं: छप्पर वरपासून खालपर्यंत धुणे. कोपऱ्यांवर पाय न देणे. खालच्या काठाची पत्र्याची पन्हळ शेवटी साफ करणे.

हा कागद मी वाचला आणि मंजूर केला. मला त्यात काहीच खटकलं नाही. शब्द ओळखीचे होते म्हणून कुणीच विचारलं नाही. अनोळखी शब्द आला असता तर आम्ही नक्की थांबलो असतो, म्हणून ओळखीच्या शब्दाची मला आता जास्त भीती वाटते.

प्रत्यक्ष काम असं झालं. शिडी पडवीच्या वळचणीला लावली. शिडीवरून उतरून पाय टाकायची जागा शेवाळाने निसरडी होती, म्हणून मुकादमाने सुरक्षिततेसाठी आधी तीच धुतली, शिडीवर उभं राहून, फवारा वरच्या दिशेला धरून. पाय ठरला तसा तो पुढे सरकला, पुढचा पट्टा धुतला, पुन्हा सरकला. वर पोचल्यावर दोर आढ्यापलीकडे टाकून बांधला आणि आढ्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसला, कारण छपरावर तेवढीच जागा सपाट आणि भक्कम दिसत होती. तिथून त्याने बाकीचा भाग खालच्या दिशेने धुतला. एका पाख्यावरून दुसऱ्यावर जाताना कोनवाशाच्या रेषेवरून गेला, कारण पाख्यावरच्या कौलांपेक्षा त्या रेषेवरची कौलं मालात बसवलेली, न हलणारी. छपराचे चारही कोपरे त्याने कटाक्षाने टाळले. शेवटी वळचणीची पन्हळ हाताने उपसून लख्ख केली.

पाहणी

फोन आल्यावर मी स्वतः मुकादमाला घेऊन गेलो. काकूंनी गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावून ठेवलं होतं. त्यांचं आयुष्य कौलं परतण्यात, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवण्यात, गेलेलं. सगळे त्यांना तात्या म्हणत होते, आम्हीही तेच म्हणू लागलो. तात्या छपरावर चढले नाहीत. उघडीप बघून अंगणात उभे राहिले, छपराकडे पाहिलं आणि मुकादमाला विचारलं, "बाकी सगळं धुतलंत, मग हे चार कोपरे काळे कशाला ठेवलेत?"

खरंच, सगळं छप्पर लाल आणि चारच कोपऱ्यांत शेवाळ तसंच.

मुकादम म्हणाला, "काकूंनीच सांगितलं होतं, कोन्यावर पाय देऊ नका."

काकू पडवीत उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, कोना म्हणजे कोपरा नव्हे हो. तो वरचा, आढ्यावरचा."

क्षणभर कुणी काही बोललं नाही. ज्या जागेवर पाय द्यायचा नव्हता नेमका तिथेच बसून त्याने दीड दिवस काम केलं होतं, आणि तेही सूचना पाळतो आहोत या समजुतीने. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो चिडला नाही, त्याने कारणंही दिली नाहीत. चपला काढून आत गेला आणि माजघरात उभा राहून वर बघू लागला.

आतून बघितल्यावर सगळं उलगडलं. माजघरातले तीनही ठिपके आढ्याच्या बरोबर खाली. देवघरातला कोनवाशाच्या खाली. माणसाच्या वजनाने कोन्याखालचा जुना माल तडकला होता. धुतानाच्या पाण्याने तडा कळत नाही, तीन दिवसांच्या झडीने कळतो. नंतर आम्ही मोजले तेव्हा नऊ कोने सुटलेले निघाले.

दुसरी गोष्ट तात्यांनी दाखवली ती मला माहीत असायला हवी होती. पडवीवरच्या पाख्यातली खालच्या चार-पाच ओळींमधली कौलं त्यांनी आतून उचलायला लावली. दोन कौलांच्या मधे, जिथे एकावर एक तीन इंच येतात, ओला काळा चिखल भरला होता. शेवाळ आणि माती. शिडीवरून वर मारलेल्या फवाऱ्याने तो कौलाखाली ढकलला होता. कडेच्या खाचाही बुजल्या होत्या. खाच बुजली की पाणी तिच्यातून वाहत नाही, तिच्यावरून उडी मारून घरात येतं. तिथे अजून गळती दिसत नव्हती, पण रिपा भिजून काळ्या पडू लागल्या होत्या. तात्या बोटाने चिखल खरवडत म्हणाले, "वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात. तुमच्या यंत्राने नेलं."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकतो. न होणारी गोष्ट सांगायला वापरतात. छप्पर कसं धुवावं याचा पहिला नियम तिच्यातच आहे, हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. काकूंचं पहिलं वाक्यही तेच सांगत होतं, फक्त आमच्या कागदावर त्याचं 'वरपासून खालपर्यंत' झालं. हे भाषांतर चूक म्हणता येत नाही, तरी त्यात मूळ अर्थाचा महत्त्वाचा भाग गळाला. वरपासून खालपर्यंत हा कामाचा क्रम झाला. आढ्याकडून वळचणीकडे ही पाण्याची दिशा आहे. माणूस कुठेही उभा असो, फवाऱ्याचं तोंड वळचणीकडेच हवं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरची धार सगळ्यात वाईट होती आणि तिचं कारण सगळ्यात साधं. काकू ज्याला पन्हळ म्हणत होत्या ती दोन पाख्यांच्या सांध्यातली पत्र्याची पट्टी. वळचणीला लावलेल्या पन्हळीलाही त्या पन्हळच म्हणत. त्यांच्या मनात दोन्ही होत्या, आणि 'नीट साफ करा' हा जोर सांध्यातल्या पन्हळीसाठी होता, कारण दर वर्षी पातेरा, म्हणजे वाळका पाचोळा, तिथेच अडकतो. आमच्या माणसाला दिसणारी पन्हळ एकच, वळचणीची. सांध्यातली अर्धी कौलांखाली झाकलेली असते, वरून फक्त एक बारीक फट दिसते. दोन पाख्यांचं धुतलेलं सगळं शेवाळ त्या फटीत जाऊन बसलं होतं आणि वाळून घट्ट झालं होतं. पाऊस आल्यावर पाण्याला दोन्ही बाजूंनी कौलांखाली शिरण्याखेरीज वाट उरली नाही.

दुरुस्ती आमच्या खर्चाने झाली. चर्चेचा प्रश्नच नव्हता. पावसाच्या उघडिपी बघत पाच दिवस लागले. एकेचाळीस कौलं बदलावी लागली, काही फवाऱ्याच्या माऱ्याने कडेला तुटलेली, काही आम्हीच चालताना तडकवलेली. नवी कौलं आणली तर ती जुन्यांत बसेनात. कौलाच्या खालच्या अंगाला कारखान्याचा छाप असतो, आणि एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असं नाही. तात्यांनी शेजारच्या वाडीतल्या पडक्या घराची त्याच छापाची कौलं मिळवून दिली. तेव्हापासून छप्पर बघायला गेलो की एक कौल उलटं करून छाप वाचायचा आणि कागदावर उतरवायचा, हे आम्ही कधी चुकवत नाही.

शब्द शिकताना

पुण्याला परतल्यावर माझा पहिला विचार हा होता की छपराचं एक चित्र काढावं, बाण करून नावं लिहावीत आणि सगळ्यांकडून पाठ करून घ्यावीत. व्यवसायातले एक मित्र म्हणाले, सरळ इंग्रजी नावं वापरा, आढ्याला रिज, कोनवाशाच्या रेषेला हिप, आतल्या सांध्याला व्हॅली, सगळीकडे एकच. वास्तुविशारदांशी बोलताना ते सोयीचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण आमच्याशी बोलणारी माणसं काकूंसारखी आहेत. त्यांना आम्ही व्हॅली म्हटलं तर गोंधळाची फक्त बाजू बदलेल. शिवाय ज्या घराच्या कौलावर पाय द्यायचा त्या घरातला शब्द शिकणं ही मला साधी रीत वाटते.

चित्र मुकादमानेच नको म्हटलं. त्याचं म्हणणं होतं, "साहेब, मला आतून बघितल्यावर कळलं. वरून सगळं सारखंच दिसतं." ते बरोबर होतं. कौलारू छप्पर वरून म्हणजे नुसत्या कौलांच्या ओळी. आत उभं राहिलं की आढं दिसतं, कोनवासे दिसतात, रिपा मोजता येतात, उजेडाच्या फटी दिसतात. म्हणून आम्ही शिकवणी घराच्या आत ठेवली. तात्यांना मानधन देऊन आमची सहा माणसं दोन दिवस त्याच घरात राहिली. काकूंनी जेवायलाही घातलं, हे लिहिलं नाही तर कृतघ्नपणा होईल.

तात्यांनी नावं सांगितली ती पाण्याच्या वाटेने. थेंब आढ्यावरच्या कोन्यावर पडला. तिथून तो कुठल्या पाख्यावर जाईल? कोनवाशापाशी आला तर कुणीकडे वळेल? सांध्यातल्या पन्हळीत आला तर बाहेर कुठे पडेल? वळचणीवरून पागोळी कुठे गळेल, तिथे विहीर आहे की तुळस? या रीतीने शिकलेली नावं कुणी विसरलं नाही, कारण प्रत्येक नावाला काम चिकटलेलं होतं. कोना झाकतो आणि वजन पेलत नाही. रीप पेलते, म्हणून पाय ठेवायचाच तर कौलाच्या खालच्या टोकाला, जिथे खाली रीप आहे आणि दोन कौलं एकावर एक आहेत, आणि त्यावरही आडवी फळी टाकून. मधोमध पाय दिला की कौल गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक खेळ लावला. एक जण आत माजघरात, एक बाहेर शिडीवर. आतला सांगणार, "पुढचं पाखं, वळचणीपासून चौथी ओळ, उजव्या कोनवाशाकडून सातवं." बाहेरच्याने त्याच कौलावर टिचकी मारायची. सुरुवातीला दर वेळी चुकलं. आतलं उजवं बाहेरून डावं होतं, हे ध्यानात यायलाच तासभर गेला. मग ठरलं की डावं-उजवं म्हणायचं नाही. देवघराकडचा कोनवासा, न्हाणीकडचा कोनवासा. घरातल्या माणसांची पद्धत तीच होती, आम्हाला ती उशिरा सुचली. संध्याकाळपर्यंत दहापैकी नऊ टिचक्या बरोबर पडू लागल्या.

आता आमच्या कामाच्या कागदावर छपराच्या प्रत्येक भागापुढे दोन रकाने आहेत. एक, घरातली माणसं याला काय म्हणतात. दोन, आपण त्यांना बोट ठेवून दाखवायला लावलं का. दुसरा रकाना रिकामा असेल तर शिडी लावायची नाही. गावागणिक शब्द बदलतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर या पट्ट्यात बऱ्याच घरांवर कौलांऐवजी पत्रे आले, त्यांच्या आढ्यावरच्या तुकड्याला ढापा म्हणतात, आणि काही घरी आता कौलाच्या कोन्यालाही ढापाच म्हणताना मी ऐकलं आहे. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर यंत्र लावतच नाही. त्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो, माऱ्याने त्याचे तंतू सुटतात, आणि तो पत्रा माणसाच्या वजनाने अचानक फुटतो.

पुढचा एप्रिल

काकूंनी पुन्हा आम्हालाच बोलावलं, याचं मला अप्रूप वाटलं. या खेपेला यंत्र गाडीतून उतरवलंच नाही. उन्हाने शेवाळ वाळून कुरकुरीत झालेलं असतं, ते नारळाच्या सोडणाने आणि खराट्याने सुटतं. आढ्याकडून वळचणीकडे, एकेक ओळ. सांध्यातल्या पन्हळीत आधी गोणपाट दाबून बसवलं, म्हणजे वरचा कचरा आत जाणार नाही, आणि शेवटी तिच्या दोन्ही अंगांची कौलं उचलून ती पूर्ण उघडी करून पुसली. शेवाळ मारायला क्लोरीनचं पाणी मारावं अशी एक सूचना होती. विहीर वळचणीपासून पंधरा फुटांवर असल्याने ती आम्ही सोडून दिली. अखेर बागेच्या नळीने साधं पाणी आढ्यावरून सोडलं आणि एक माणूस आत माजघरात उभा ठेवला. एकूण चार दिवस लागले. पहिल्या वेळच्या दुप्पट. तेवढी लाल कौलंही दिसली नाहीत, थोडा काळपटपणा राहिला. काकूंना तो चालला.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. "पडवीवरचं पाखं, वळचणीपासून दुसरी ओळ, देवघराकडच्या कोनवाशाकडून पाचवं. एवढ्यात वानर नाचून गेलंय." मुकादमाने पुण्यातून तात्यांच्या नातवाला फोन करून तेच शब्द सांगितले. दहा मिनिटांत कौल बदलून झालं.